परिपत्रक कपाटात, प्राध्यापक अंधारात!

कुलगुरू बदलले की दुसऱ्या दिवशी पुष्पगुच्छ स्वीकारतानाचा त्यांचा फोटो वर्तमानपत्रात येतो. दीक्षांत समारंभाची निमंत्रणपत्रिका न चुकता आणि वेळेवर पोहोचते. झेंडावंदनाला कोणी किती वाजता हजर राहायचे याची सूचना तर दोन-दोनदा फिरते. पण नोकरभरतीचा नियम बदलला, पदोन्नतीची अट बदलली, परीक्षेची पद्धत बदलली, की त्याचे पत्र मात्र शेवटच्या प्राध्यापकापर्यंत येता येता वाटेत कुठेतरी गळून पडते. सत्काराचे निरोप पोहोचतात आणि हक्काचे निरोप अडकतात. हा केवळ योगायोग आहे काय?

विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी आपल्या अध्यापकांना वेळच्या वेळी माहिती द्यावी ही मागणी वरवर पाहता किरकोळ वाटते. मोर्चा काढावा, धरणे धरावे असा हा विषयच नाही, असे आपल्यातल्याही अनेकांना वाटते. परंतु राखीव जागांचा अनुशेष वर्षानुवर्षे का भरला जात नाही, मागासवर्गीय प्राध्यापकाची स्थाननिश्चिती का रखडते, तासिका तत्त्वावर राबणारा आपला उच्चशिक्षित तरुण मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर का जागा होतो, या प्रश्नांचा माग काढत गेले की पुष्कळदा शेवटी एक न मिळालेले पत्र हाती लागते. म्हणून या किरकोळ वाटणाऱ्या विषयाकडे आज जरा गांभीर्याने पाहायला हवे.

ज्याच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापकी आहे, त्याला परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. त्याचा एखादा काका व्यवस्थापन परिषदेवर असतो, मेहुणा मंत्रालयात असतो, जुने गुरुजी अभ्यास मंडळाचे अध्यक्ष असतात. नियम बदलणार आहे हे त्याला नियम बदलण्याआधीच समजते. जेवणाच्या ताटावर, लग्नाच्या मांडवात, संध्याकाळच्या फिरण्यात त्याला ते समजते. पण ज्याच्या घरात तो स्वतःच पहिला पदवीधर आहे, ज्याचे वडील गिरणीत किंवा शेतावर राबले, त्याला हे कोण सांगणार? त्याच्याकडे बातमी येण्याची एकच अधिकृत वाट आहे आणि ती म्हणजे विद्यापीठाचे परिपत्रक. परिपत्रक हा वशिला नसलेल्या माणसाचा एकमेव वशिला आहे. तेच दाबून ठेवले, तर ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याचे सर्वस्व गेले आणि ज्याच्याकडे सर्व काही आहे त्याचे काहीच बिघडले नाही. माहिती न देणे हे दिसायला सर्वांना सारखे लागू होते. त्याची किंमत मात्र सारखी पडत नाही.

पत्राचा प्रवास

एखादे पत्र कसे प्रवास करते ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पत्र दिल्लीहून कुलसचिवांकडे येते. ते आवक नोंदवहीत चढते, संबंधित कक्षाकडे जाते, तिथून त्यावर टिपणी होते. मग ते संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांना जाते. प्राचार्य ते कार्यालय अधीक्षकाकडे देतात आणि अधीक्षक फाईलला लावतो. पूर्वी निदान शिपाई सूचना वही घेऊन वर्गावर्गात फिरत असे आणि प्राध्यापकाला वाचून सही करावी लागे. आता वही गेली आणि मोबाईलवरचा व्हॉट्सॲप गट आला. त्या गटात सकाळी सुप्रभात, दुपारी वाढदिवस आणि रात्री विनोद येतात. त्यांच्यामध्येच कुठेतरी पंचवीस पानांचे इंग्रजी परिपत्रक येऊन वाहून जाते. त्यावर कोणी विचारले की उत्तर तयार असते : गटावर टाकले होते ना!

आणि या गटात कोण असतो? बहुतेक ठिकाणी कायम सेवेतला प्राध्यापक. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे ज्याला आपण सीएचबी म्हणतो तो अध्यापक, त्यात असला तर असतो. तो त्याच वर्गात शिकवतो, त्याच परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतो; पण संस्थेच्या लेखी त्याचे अस्तित्व तासापुरते. तास संपला की माणूस संपला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये अध्यापकाची जी व्याख्या आहे ती पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षकाची आहे. त्यामुळे अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात सीएचबीवाल्याला मतही नाही. ज्याला मत नाही त्याला पत्र कोण पाठवणार? आणि नेट-सेट, पीएच.डी. होऊनही तासिकांवर दिवस काढणाऱ्यांत आपल्या समाजातील मुले-मुली किती आहेत, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

एका पत्राने काय होऊ शकते?

ज्यांना हे सारे अतिशयोक्तीचे वाटते त्यांनी ५ मार्च २०१८ हे एकच पत्र आठवावे. त्याआधी विद्यापीठ किंवा महाविद्यालय हे एकक धरून, २०० बिंदूंच्या नामावलीप्रमाणे अध्यापकांच्या पदांचे आरक्षण मोजले जात असे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्रकरणात एप्रिल २०१७ मध्ये निकाल दिला की एकक विद्यापीठ नव्हे, विभाग धरला पाहिजे. त्या निकालाच्या आधारे अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठांना पत्र पाठवले. पत्राची भाषा रुक्ष, कारकुनी. त्यात आरक्षण रद्द केल्याचा एक शब्दही नव्हता. बदलला होता तो फक्त मोजण्याचा गज.

पण गज बदलला की काय होते? तेरा बिंदूंच्या नामावलीत पहिली तीन पदे खुली, चौथे इतर मागासवर्गाचे, सातवे अनुसूचित जातीचे आणि अनुसूचित जमातीचे थेट चौदावे. आता एखाद्या विभागात सहा पदे असतील, आणि विद्यापीठांतले कितीतरी विभाग एवढेच असतात, तर अनुसूचित जातीच्या वाट्याला काय येणार? शून्य. भाषेच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या तीन पदांच्या विभागात तर कुणालाच काही नाही. आरक्षणाचे कलम घटनेत जसेच्या तसे राहिले आणि आरक्षण मात्र गणितात मेले. अमरकंटक येथील आदिवासी विद्यापीठाच्या त्या काळातील जाहिरातीत ५२ पदांपैकी राखीव पद अवघे एक होते. नाव आदिवासींचे आणि जागा कुणाच्या?

हा डाव हाणून कसा पाडला गेला हेही लक्षात घ्या. ज्या प्राध्यापकांनी ते पत्र हातात घेऊन आकडेमोड केली, त्यांनी ते इतरांना समजावून सांगितले. विद्यापीठांच्या दारात निदर्शने झाली, संसदेत आवाज उठला. केंद्र सरकारला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २२ जानेवारी २०१९ रोजी तिथेही याचिका फेटाळली गेली, फेरविचाराची मागणीही फेब्रुवारीत नाकारली गेली. ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद झाला आणि ७ मार्चला अध्यादेश निघाला. जुलै २०१९ मध्ये संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी अध्यापक संवर्गातील आरक्षणाचा कायदा केला आणि पूर्ण संस्था हेच एकक ठरले. एक पत्र वाचले गेले म्हणून एक कायदा झाला. तेच पत्र सगळीकडे फाईलमध्ये पडून राहिले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहा.

लढाई तिथेच संपली असे समजून झोपलेल्यांना २०२३ च्या अखेरीस पुन्हा धक्का बसला. अनुदान आयोगाने आरक्षण धोरणाच्या अंमलबजावणीची मसुदा मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २०२३ मध्ये खुली केली. त्यात राखीव पद अपवादात्मक परिस्थितीत अनारक्षित करण्यासंबंधी एक प्रकरण होते. हरकती पाठवण्याची मुदत २८ जानेवारी २०२४. शेवटच्या दिवसांत ओरड झाली तेव्हा शिक्षण मंत्रालयाला आणि आयोगाला खुलासा करावा लागला की एकही राखीव पद अनारक्षित होणार नाही. ठीक आहे. पण आमचा प्रश्न असा आहे की मुदतीचा तो महिनाभर आपल्या विद्यापीठांतील किती विभागप्रमुखांनी तो मसुदा आपल्या सहकाऱ्यांसमोर ठेवला? जानेवारी २०२५ मध्ये कुलगुरूंची निवड आणि अध्यापकांची नेमणूक यांविषयीच्या नव्या विनियमांचा मसुदा आला. २०१८ च्या विनियमांत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत अशी मर्यादा होती. या मसुद्यात ती काढून टाकलेली होती. हरकतींसाठी सुरुवातीची मुदत ५ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जेमतेम तीस दिवस. ज्याचे सारे आयुष्य त्या एका वाक्याने कंत्राटात जाणार होते, त्या सीएचबी अध्यापकाला हा मसुदा कोणत्या प्राचार्यांनी बोलावून दाखवला?

पदोन्नतीची शिडी आणि गायब पायऱ्या

धोरणाचे राहू द्या, रोजच्या सेवेतले पाहू. प्राध्यापकाच्या पदोन्नतीचे नियम गेल्या काही वर्षांत किती वेळा बदलले? ३० जून २०१० चे विनियम आले, त्यात गुणांकनाची पद्धत आली. २०१३ मध्ये दुरुस्ती झाली. २०१६ मध्ये पुन्हा झाली. १८ जुलै २०१८ ला नवे विनियम आले आणि महाराष्ट्र शासनाने त्यावर ८ मार्च २०१९ चा शासन निर्णय काढला. पहिल्या टप्प्यासाठी पीएच.डी. असेल तर चार वर्षे, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षे सेवा. त्यासोबत उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग. कोणत्या तारखेला पात्र ठरलेल्याला कोणता नियम लागू, कोणता वर्ग कधीपर्यंत केला तर चालतो, याच्या सवलती आणि मुदतवाढी पत्रापत्रांतून येत राहिल्या. ज्याला पत्र मिळाले त्याने वर्ग केला, प्रस्ताव दिला, वरच्या श्रेणीत गेला. ज्याला मिळाले नाही त्याचा प्रस्ताव त्रुटीत निघाला. एक टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे मागे सरकतात आणि हे नुकसान निवृत्तिवेतनापर्यंत पाठ सोडत नाही.

विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची, असे २०१८ च्या विनियमांनी सांगितले. अंमल १ जुलै २०२१ पासून. पुढे ती तारीख जुलै २०२३ वर गेली. आणि ३० जून २०२३ ला दुरुस्ती झाली की नेट, सेट हीच किमान अर्हता, पीएच.डी. ऐच्छिक. या पाच वर्षांत ज्याने कर्ज काढून, घर सोडून पीएच.डी.च्या मागे धाव घेतली आणि ज्याने पीएच.डी. नाही म्हणून अर्जच भरला नाही, त्या दोघांनाही वेळेवर नेमके सांगणारा कोणी होता काय? १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांची कहाणी तर सर्वांना माहीत आहे. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयापर्यंत आणि त्यानंतरही ही माणसे या दालनातून त्या दालनात आपलीच सेवा कोणत्या दिवसापासून धरली जाणार हे विचारत फिरली.

नुकसान विद्यार्थ्यांचेही

अध्यापकांना अंधारात ठेवून घेतलेला निर्णय शेवटी कुणाच्या गळ्यात पडतो हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवून दिले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी एकदम सर्व शाखांना लावण्यात आली. परीक्षा सुरू झाल्या तरी व्यवस्था उभी राहिली नव्हती. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचा ढीग आणि ज्यांनी त्या तपासायच्या ते हजारो प्राध्यापक! त्यांच्याशी आधी नीट बोलणे नाही, पुरेसा सराव नाही. प्रशिक्षण घाईघाईत, संगणक केंद्रांवर गर्दी, यंत्रणा मधेच बंद. कायद्याने निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तपासणीसाठी महाविद्यालयांतले तास बंद ठेवावे लागले, तरी निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना कुलपतींनी पदावरून दूर केले.

कुलगुरू गेले, पण विद्यार्थ्यांचे काय? ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याने एक वर्ष वाया गेले म्हणून दुसरीकडे प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याचा पुढचा प्रवेश हुकला, वसतिगृहातली जागा हुकली, नोकरीची संधी हुकली. पडद्यावर तपासणी ही कल्पना वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. जे काम हजारो हातांनी करायचे ते हातांना न विचारता, न शिकवता ठरवले की काय होते, एवढाच त्याचा धडा आहे. पुढे नवे शैक्षणिक धोरण आले. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही श्रेयांकांची नवी मांडणी लागू झाली. विषयाचा कार्यभार घटला तर पहिली कुऱ्हाड तासिकावाल्यावर आणि नव्याने लागलेल्या मागासवर्गीयावरच येणार, हे त्याच धड्यातले पुढचे पान आहे.

हा उपकार नव्हे

काही प्राचार्य एखादे पत्र दाखवतात तेव्हा असे दाखवतात की जणू खिशातले काही देत आहेत. त्यांना कायदा दाखवला पाहिजे. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात माहितीचा अधिकार लागू आहे. अर्ज करून दहा रुपयांचे तिकीट लावायचे एवढाच तो कायदा आहे, असा आपल्याकडे समज आहे. त्याचे चौथे कलम वाचा. त्यात सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता माहिती प्रसिद्ध करावी असे म्हटले आहे. महत्त्वाची धोरणे ठरवताना आणि निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्याची कारणे द्यावीत, असे त्यात स्पष्ट आहे. विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयांनाही यातून अंग काढून घेता येत नाही.

२०१६ च्या विद्यापीठ अधिनियमातही कुलगुरूंना मनमानीला मोकळे रान नाही. आणीबाणीच्या प्रसंगी त्यांनी स्वतःच्या अधिकारात काही केले तर ते नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावे लागते. अधिसभा वर्षातून किमान दोनदा बसली पाहिजे. तिथे शिक्षकांतून निवडून येणाऱ्या दहा जागांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा आहे. या जागांवर आपलेच लोक निवडून जातात. त्यांनी बैठकीला जावे, चहा घ्यावा, भत्ता घ्यावा आणि परत यावे, एवढ्यासाठी त्या जागा मिळालेल्या नाहीत. आत काय ठरले हे बाहेरच्या माणसाला सांगणे हे त्यांचे पहिले काम आहे.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असतानाच ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला. मुक्या समाजाला आधी बातमी हवी, वाचा हवी, हे त्यांनी ताडले होते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना, विद्यापीठाच्या सिनेटवर मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी नेमले गेले पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरला. जिथे निर्णय होतात तिथे आपला माणूस बसलेला असावा, हा त्यामागचा विचार. ते स्वतः प्राध्यापक होते, १९३५ मध्ये शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. विद्यापीठ आतून कसे चालते हे त्यांना आतूनच माहीत होते.

मग करायचे काय?

विद्यापीठाकडून एक उत्तर हमखास येईल : सगळे संकेतस्थळावर आहे, प्राध्यापकच वाचत नाहीत. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे हे नाकारून चालणार नाही. नोकरी लागली की वाचन संपले, अशी आपल्यातल्या काहींची अवस्था आहे. पण संकेतस्थळाच्या कुठल्याशा कोपऱ्यात, तारीख नाही, विषय नाही, अशा शेकडो फायलींत पत्र टाकून देणे म्हणजे माहिती देणे नव्हे. विहिरीत घागर टाकून ‘पाणी दिले’ म्हणण्यासारखे ते आहे. माहिती दिली असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा ती योग्य माणसापर्यंत, मुदत संपण्याच्या आधी, त्याला समजेल अशा भाषेत पोहोचेल.

म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या ठेवायला हव्यात. सेवा, भरती, आरक्षण आणि परीक्षा यांविषयीचे प्रत्येक पत्र आल्यापासून आठवड्याच्या आत, मराठी सारांशासह, कायम आणि तासिका अशा प्रत्येक अध्यापकाला मिळाले पाहिजे आणि ते मिळाल्याची पोच कार्यालयात असली पाहिजे. आयोगाचा किंवा शासनाचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक महाविद्यालयात अध्यापकांची बैठक झाली पाहिजे. विद्यापीठाने स्वतः काय मत कळवले तेही जाहीर झाले पाहिजे. बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून आली की ती फलकावर लागली पाहिजे. कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे आणि किती दिवस रिकामे, हे ज्याला त्याला उभ्या उभ्या वाचता आले पाहिजे. प्राधिकरणांच्या बैठकीची विषयपत्रिका आधी आणि इतिवृत्त नंतर, दोन्ही खुली हवीत. आणि यात कसूर झाली तर कोणावर जबाबदारी, त्या अधिकाऱ्याचे पद ठरलेले हवे. यातल्या एकाही गोष्टीला शासनाकडून वेगळे अनुदान लागत नाही. लागते ती फक्त नियत.

पण सगळे विद्यापीठाच्या भरवशावर सोडून चालणार नाही. आपल्या प्राध्यापक संघटना आहेत, कास्ट्राईबसारख्या कर्मचारी संघटनांची परंपरा आहे. जयंतीची वर्गणी गोळा करताना दिसणारी ही शक्ती पत्रे गोळा करताना दिसली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन माणसे अशी ठरवा की आयोगाचे, उच्च शिक्षण संचालनालयाचे आणि विद्यापीठाचे प्रत्येक पत्र ती वाचतील, त्याचा सोपा मराठी गोषवारा करतील आणि शेवटच्या सीएचबी अध्यापकापर्यंत पोहोचवतील. व्हॉट्सॲपवर फिरणारे प्रत्येक पत्र खरे नसते. म्हणून जावक क्रमांक आणि तारीख तपासल्याशिवाय ते पुढे पाठवू नये, ही शिस्तही याच माणसांनी लावायची. जे प्राध्यापक आज वरच्या श्रेणीत पोहोचले आहेत, त्यांनी आपली फाईल कशी तयार केली ते नव्याने लागलेल्याला शेजारी बसवून दाखवावे. समाजाचे ऋण फेडायचे म्हणजे दरवेळी खिशात हात घालावा लागतो असे नाही. कधी कपाटातली फाईल काढून समोर ठेवली तरी पुरते.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे आपण प्रत्येक सभेत म्हणतो. पण ज्याच्याविरुद्ध संघर्ष करायचा तो निर्णय झाल्याचेच ठाऊक नसेल तर संघर्ष कशाशी करणार? तेव्हा येत्या सोमवारी महाविद्यालयात गेल्यावर प्रत्येकाने एकच काम करावे. कार्यालयात जाऊन शांतपणे आवक नोंदवही मागावी. गेल्या सहा महिन्यांत विद्यापीठाकडून कोणकोणती पत्रे आली ते पाहावे आणि त्यातली किती आपल्यापर्यंत आली ते मोजावे. न आलेल्या पत्रांची यादी करून प्राचार्यांना लेखी द्यावी आणि त्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. वही दाखवायला नकार मिळाला, तर त्या नकाराचेही लेखी कारण मागावे. ते मागण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे.